आईला विचारा

कोन गावच्या पाटलांच्या घरात सकाळी आक्कांची हाक उठली, की ती दोनदा मारावी लागे.

"मनालीऽ! ए मनाली! कानान बोले घातलंस का गो?"

धाकटी सून मागच्या पडवीत जवळा निवडत बसलेली असायची. कान शाबूत, लक्ष जागेवर. पण मनाली म्हणजे आपणच, हे लग्नाला वर्ष उलटून गेलं तरी तिच्या अंगवळणी पडलं नव्हतं. मग ओट्यापाशी तांदळाच्या भाकऱ्या थापणारी थोरली जाऊ मृणाली पिठाच्या हाताने भिंतीवर टकटक करायची.

"रीमा, तुला गं!"

"मला? अय्या, मीच ना ती!" म्हणत रीमा उठायची, हाताचा वास पदराला पुसायची आणि ओरडायची, "आले आई!"

"बहिरी मिलाली आमचे नरूला," आक्का शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या. त्यात राग नसे. आक्का तोंडाच्या फटकळ, पण सुनेला सातवा लागल्यावर तिच्या हाती पाण्याचा हंडा म्हणून त्यांनी दिला नव्हता.

या घरात सुनेचं नाव बदलायचं म्हणजे बदलायचंच. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव रेखायचं. नाव निवडायच्या आक्का. थोरली पडघ्याहून आली तेव्हा ती हर्षला होती, ताटापाशी ती मृणाली झाली. मग धाकटीला जोडीचं हवं म्हणून मनाली. नरेंद्र अंगठीने अक्षरं काढत होता, तेव्हा रीमा मुंडावळ्यांच्या आडून मृणालीच्या कानाशी कुजबुजली होती, "जाऊबाई, तांदूळ कोलम दिसतोय. एवढ्या चांगल्या तांदळावर कशाला गिरगटतायत?" दोघी दातांखाली पदर धरून हसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो तांदूळ भातात शिजला आणि सगळे पोटभर जेवले.

नावाबरोबर आईही बदलायची. आक्कांना सगळं गाव आक्का म्हणे, पण सुनांनी मात्र 'आई' म्हणायचं. सुनांना जिने जन्म दिला तिला या घरात गावाच्या नावाने ओळखत. मृणालीची आई ती 'पडघ्याची', रीमाची आई ती 'कामतघरची'. "कामतघरचीचा फोन आला व्हता," असं आक्का सांगायच्या, एखादी बस येऊन गेल्याचं सांगावं तसं.

यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. घरोघरी हेच चालतं. मृणाली बी.कॉम. झालेली, औषधाच्या बाटलीवरची तारीख दोनदा वाचणारी, झोपलेल्या लेकाच्या, वेदूच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघणारी बाई. पोर रांगायला लागल्यापासून तिची नजर फरशीवरच्या सुईपासून पंख्याच्या पात्यापर्यंत सगळीकडे फिरायची. ज्या जागी खरी भीती होती तिथे मात्र ती नजर कधी गेली नाही, कारण ती जागा रोजच्या हाकेत होती.

रीत अशी, की पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं. नववा लागताच शेवंता, म्हणजे कामतघरची, लेकीला न्यायला आली. नवरा, दौलत, गेल्यापासून ती ब्लाऊज शिवून एकटीच राहत होती. केसरीनाथांनी, आक्कांच्या यजमानांनी, तिला चहा दिला आणि झोपाळ्यावरून म्हणाले, "एके खोलीन बालंतीन कशी निजवाल ताई? आमचे सूनचा बालंतपन आमचे घराशीच होईल. चार गोदामा हायत माजी. लोक काय बोलतील?"

शेवंता उंबऱ्याशी बसली होती. "तसं न्हाय दादा. पन हिचे तब्येतीचा जरा सांगाचा व्हता. लहानपनी हिला..."

"आमी काय पयल्यांदाच बालंतीन बगतो का गो?" आक्का हसून म्हणाल्या आणि तिच्यापुढे वाटीभर शेव सरकवली. "काल्जी करू नको. तुजी पोर ती आता माजी पोर."

शेवंताच्या तोंडातलं वाक्य तिथेच राहिलं. शेव खाऊन ती परत गेली.

तपासणीला नेलं तरी असंच व्हायचं. डॉक्टरीणबाई प्रश्न रीमाला विचारायच्या आणि उत्तर आक्का द्यायच्या. भूक लागते का, लागते. झोप येते का, येते. यापूर्वी काही मोठं आजारपण? "काय न्हाय, घोडी हाय नुसती." रीमा खुदकन हसायची. आपल्या बाजूने कुणीतरी ठणकावून बोलतंय, याचं तिला बरंही वाटत असेल.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी सकाळचं पाणी नुकतंच भरून झालं होतं. मृणालीच्या नवऱ्याने, दीपेशने, गाडी काढली. नारपोलीतल्या त्या दवाखान्याच्या दोन्ही बाजूंना कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने. खटाखट खटाखट आवाज भिंतीतून अंगात शिरायचा, आणि थोड्या वेळाने कानांना तो कळेनासा व्हायचा. वेदूला कडेवर घेऊन मृणाली खोलीच्या दाराशी उभी होती. आत रीमा खाटेवर, उशाशी आक्का. बाळाचे ठोके कमी होतायत, सिझर करावं लागेल, असं सांगून डॉक्टरीणबाई तयारीला गेल्या. वनिता सिस्टर ट्रे घेऊन आली. तिशीची, कामतघरलाच राहणारी, चटपटीत बाई.

"मनाली पाटील ना?"

"हो, हो," आक्का म्हणाल्या.

"कुठल्या इंजेक्शनचा, गोळीचा त्रास झालाय का कधी? अंगावर पुरळ, सूज, असं काही?"

रीमाने डोळे उघडले. केस कपाळाला चिकटले होते. एक कळ येऊन गेली होती, दुसरी यायची होती. मधल्या जागेत ती म्हणाली, "झालं होतं... नाव नाही आठवत. आईला विचारा."

वनिताने मान वर केली. उशाशी आई उभी होतीच.

"काय हो, हिला कशाचा त्रास?"

"न्हाय गो बाय. आमचे घरान कुनालाच काय होत न्हाय. मोठीचा पन हितंच झाला, तिला पन हेच दिला सगला."

"आई..." रीमा पुन्हा म्हणाली. पण तेवढ्यात कळ आली आणि तो शब्द लांबत लांबत किंकाळीत मिसळून गेला.

"हाय गो, हाय मी हितंच," आक्का तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या.

वनिताने सुई टोचली.

वेदू रडायला लागला म्हणून मृणाली त्याला घेऊन खाली उतरली. काउंटरपाशी एक बाई खांबाला टेकून उभी होती. हातात डब्याची पिशवी, पायात चपला वेगवेगळ्या. शेवंता होती.

"कवाची उबी हाय गो मी," ती म्हणाली. "यो बोलतो रीमा म्हात्रे नावाची कोन न्हायच."

काउंटरवरचा माणूस वैतागला होता. "मैंने बोला ना मावशी, रीमा नाम का कोई पेशंट नहीं है. म्हात्रे भी नहीं है. दुसरे दवाखान्यात बघा."

"मनाली पाटील," मृणालीने सांगितलं.

"हां, मनाली है ना. ऊपर."

"जळलं मेलं ते नाव," शेवंता जिन्याकडे धावतच म्हणाली. "माजे तोंडान बसतच न्हाय. हिला एक सुई चालत न्हाय, ती देऊ नका सांगाचा हाय गो. लहानपनी दिलेली, तवा तोंड सुजून डोले मिटले व्हते, श्वास घेता येत न्हवता. हितंच, याच दवाखान्यान. मोठे डाक्टरनी सांगलेला, परत कवाच देऊ नको."

मृणालीला ते शब्द ऐकू आले, पण कळले नाहीत. जिना संपला तेव्हा वरच्या दारातून माणसं पळत होती. कुणीतरी ऑक्सिजनची नळकांडी ढकलत नेत होतं. आक्का भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात रीमाच्या हिरव्या बांगड्या होत्या, ऑपरेशनसाठी काढलेल्या.

मुलगी झाली. रीमा गेली. दोन्ही बातम्या डॉक्टरीणबाईंनी एकाच श्वासात सांगितल्या, आणि कोणत्या बातमीला काय करायचं हे कुणालाच कळलं नाही. नरेंद्रने आधी मुलगी हातात घेतली, मग ती कुणाला द्यावी म्हणून इकडेतिकडे बघत राहिला. मृणालीने वेदूला दीपेशकडे दिलं आणि मुलगी घेतली.

त्यानंतरचे दिवस मृणालीला पाण्याखालून दिसावेत तसे दिसले. माणसं येत होती, तोंडं हलत होती. ती दोन्ही पोरांना पाजत होती. एकीकडे वेदू, एकीकडे ती. दूध येत होतं. त्याला काही माहीतच नव्हतं. सकाळी ती भाकऱ्या थापायची, पूर्वीएवढ्याच, आणि शेवटची तव्यावर टाकल्यावर कळायचं, की एकीच्या वाटणीच्या उरणार आहेत. तिला रडू येत नव्हतं. वेदूच्या नाकाशी बोट धरून बघायचंही तिने सोडून दिलं होतं. पूर्वी वाटायचं, आपण बघतोय म्हणून सगळं ठीक आहे. ती तर त्या दिवशीही दारात उभी राहून बघत होती.

दवाखान्याने बोलावलं ते शुक्रवारी. शुक्रवारी लूम बंद असतात, नारपोली गप्प असते. आदल्या दिवशी जेवणं झाल्यावर केसरीनाथांनी मृणालीला समोर बसवलं.

"तू व्हतीस दाराशी. तुला इतकाच बोलाचा हाय, का सिस्टरनी काय विचारलाच न्हाय. आली, टोचली, गेली."

मृणालीने पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"समजला का?"

"तिला समजलंय बाबा," दीपेश म्हणाला. खोलीत आल्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला, "हे बघ, एवढंच बोल आणि गप्प बस. आईचं नाव मध्ये यायला नको. ती मरून जाईल."

"आणि ती सिस्टर?"

"तिने टोचलं ना? मग?"

दवाखान्यातल्या खोलीत टेबलामागे मोठे डॉक्टर बसले होते, दवाखान्याचे मालक. केस पांढरे, बोलणं थकलेलं. ते वाईट माणूस नव्हते. नारपोलीतल्या अर्ध्या घरांच्या पोरांना त्यांनी तपासलं होतं. खाली रस्त्यावर गावची पंधरावीस मंडळी उभी होती आणि ते सारखे खिडकीकडे बघत होते. समोर केसरीनाथ, दीपेश, नरेंद्र. बाकड्यावर आक्का आणि शेवंता, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मृणालीच्या मांडीवर मुलगी झोपली होती. वनिता भिंतीशी उभी होती, युनिफॉर्म नाही, साधा पंजाबी ड्रेस.

"जे झालं ते भयंकर झालं," डॉक्टर म्हणाले. "सिस्टरकडून हलगर्जीपणा झाला. आम्ही तिला कामावरून काढतोय. तुम्हाला पोलिसांत जायचं असेल तर तिच्याविरुद्ध आम्ही तुमच्यासोबत आहोत."

केसरीनाथांनी मान डोलावली. खोलीतला ताण एकदम सैल पडला. दोन्ही बाजूंना हवं ते एकच होतं: एक नाव, ज्याच्यावर सगळं टाकून घरी जाता येईल. ते मिळालं होतं.

"मी विचारलं होतं सर," वनिता म्हणाली. "आईंना विचारलं होतं."

"खोटा बोलते!" केसरीनाथ उसळले. "हे आमचे मोठे सूनला विचारा. दाराशीच व्हती ती. सांग गो."

सगळे मृणालीकडे वळले. बाहेर लूम बंद होते आणि खालून रस्त्यावरच्या माणसांची कुजबुज वर ऐकू येत होती. आक्का तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या.

"सिस्टरनी विचारलं होतं, बाबा."

"काय?"

"विचारलं होतं, कुठल्या इंजेक्शनचा त्रास आहे का म्हणून. रीमाला विचारलं होतं." गेल्या कित्येक महिन्यांत सासऱ्यांसमोर तिने हे नाव पहिल्यांदा घेतलं. "रीमा म्हणाली, झालं होतं, नाव आठवत नाही. आईला विचारा."

डॉक्टरांनी खिडकीवरची नजर काढून तिच्याकडे वळवली.

"मग सिस्टरनी आईंना विचारलं. आपल्या आईंना. त्या नाही म्हणाल्या."

दीपेशने खुर्ची करकरवली. केसरीनाथांचं तोंड उघडंच राहिलं. पण पहिला आवाज आला तो बाकड्याच्या दुसऱ्या टोकाकडून.

"मना विचारा म्हनली?" शेवंता विचारत होती. "माजी रीमा म्हनली, आईला विचारा?"

"हो मावशी."

"मी खालीच व्हते." ती कुणाला उद्देशून बोलत नव्हती. "मी खालीच उबी व्हते गो. डाक्टर, तुमीच सांगलेला मना. दौलतची पोर, आठवते का? तोंड सुजलेला तिचा. तुमीच बोललात, शेवंता, ध्यानान ठेव, हिला ही सुई कवाच चालाची न्हाय. मी ठेवला ध्यानान. किती वर्सां ठेवला."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "दौलतची... रीमा?" ते म्हणाले. "ती रीमा होती?"

त्यांना ती मुलगी आठवत होती, लाल फ्रॉकमधली, सुजलेल्या ओठांनी आईसफ्रूट मागणारी. ती त्यांच्याच दवाखान्यात, त्यांच्याच जिन्याने वर गेली होती आणि त्यांना एवढंच कळवलं गेलं होतं, की मनाली पाटील नावाची बाई दगावली.

"तिने अजून काय म्हटलं?" नरेंद्रने विचारलं. दवाखान्यात आल्यापासून तो पहिल्यांदा बोलला होता.

"अजून एकदा 'आई' म्हणाली. मग कळ आली."

नरेंद्रने मान हलवली. बसचा नंबर समजल्यावर हलवावी तशी.

"चल, घरी चल," केसरीनाथ उठले. "बस झाला तमाशा."

मृणाली उठली नाही. मांडीवर पोर झोपलं होतं म्हणून असेल. आपण काय बोलतोय हे तिला दुरून ऐकू येत होतं.

"सिस्टरला काढाल, डॉक्टर. उद्या दुसरी येईल. खाटेवर कुणाची तरी सून असेल, ती म्हणेल आईला विचारा, आणि नवी सिस्टर समोर उभ्या बाईलाच विचारील. सुनेच्या उशाशी सासूच उभी असते. दुसरं कोण असतं? तुम्ही नाव विचारलंत, तर हो आईंनी म्हटलं. त्रास विचारलात, नाही आईंनी म्हटलं. रीमाची आई खाली आली, तर तुमच्या माणसाने सांगितलं रीमा नाहीच. यात कोण एकटं खोटं बोललं? कुणीच नाही. आम्ही तिचं नाव बदललं, तिची आई बदलली, आणि तुम्ही ते तसंच लिहून घेतलंत. अंग मात्र तिचं तेच होतं ना? ते कुठे बदललं होतं तांदळाच्या ताटात?"

वनिता भिंतीला टेकून खाली बसली. "पण टोचलं मीच," ती म्हणाली. "कुठल्या आईला, एवढं विचारलं असतं मी."

वनिताचं दुःख मृणालीला दिसत होतं, पण हात लांब करून ते हलकं करण्याएवढं काही तिच्यात उरलं नव्हतं. डॉक्टरांनी काही वचन दिलं नाही. ते फक्त म्हणाले, "सिस्टर, सोमवारी कामावर या. मग बसून बोलू, सगळेच."

घरी परतल्यावर मृणालीशी कुणी बोलेना. केसरीनाथ ती आली की झोपाळ्यावरून उठून अंगणात जात. "बाबांची मान खाली घातलीस गावात," दीपेश म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पण ताट पुढे येत होतं, पाणी भरलं जात होतं, आणि घर बंद लूमसारखं गप्प होतं. आक्कांनी तर हाक मारणंच सोडलं. काही हवं असलं तर जवळ येऊन उभ्या राहायच्या.

एके दुपारी त्या अशाच येऊन ओट्याला टेकल्या. मृणाली कणगीतले तांदूळ पाखडत होती.

"मी तिला बोलले, हाय मी हितंच," आक्का म्हणाल्या.

मृणालीने सूप थांबवलं.

"ती तिचे आयला बोलवत व्हती आनि मी बोलले, हाय मी हितंच." त्यांनी बोटाने सुपातल्या तांदळात एक रेघ ओढली. "माजा नाव मंजुला व्हता. तुला म्हाईत व्हता का?"

"नाही आई."

"तुजे सासऱ्याला पन आता आठवाचा न्हाय." एवढं बोलून त्या निघून गेल्या.

दोन पोरांचं दूध मृणालीला पेलवेना. उजवीकडे गाठ धरली, लाल झाली, ताप चढला. दुखत असणार, पण ते दुखणं आपलं आहे असं तिला वाटतच नव्हतं. रांगत आलेल्या वेदूने अंगावर डोकं घासलं, तेव्हा ती कळवळली आणि दीपेशने कपाळाला हात लावून बघितला. त्या दवाखान्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं केसरीनाथांनी बजावलं होतं.

"तिथेच जाते," मृणाली म्हणाली. "बघायचंय मला."

दीपेशने गाडीची चावी घेतली. गाडीपाशी आल्यावर बघते तर आक्का पाठीमागे उभ्या, लुगडं बदललेलं, खांद्यावर रीमाची पोर.

"तुजे कडेवर एक हाय ना," त्या म्हणाल्या. "हिला कोन धरील?"

दवाखान्यात लूमची खटखट चालू होती. काउंटरवर तोच माणूस होता. त्याच्यासमोर एक म्हातारी डबा घेऊन उभी होती, तिच्या लेकीला शोधत. "मावशी, ससुराल का नाम नहीं मालूम तो मायके का बताओ. दोनों लिखे हैं. आरामसे," तो म्हणत होता. मृणालीने ते ऐकलं. आनंद झाला असं नाही म्हणता येणार. बधिर पायात मुंगी चावावी तसं काहीतरी झालं.

वर वनिताच होती. मृणालीला बघून तिचा हात क्षणभर ट्रेवरच राहिला. मग तिने स्टूल पुढे केलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पू धरलाय म्हणाल्या, इंजेक्शन द्यावं लागेल. वनिता कागद घेऊन समोर बसली.

"नाव सांगा."

मृणालीचं नाव वनिताला ठाऊक होतं. तरी ती थांबली होती, पेन कागदाला न टेकवता. मृणालीही थांबली, सवयीने, शेजारून उत्तर येईल म्हणून. शेजारी आक्का बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलले, मग त्यांनी ते मिटले आणि पोरीच्या टोपड्याची गाठ उगाचच पुन्हा बांधायला घेतली.

"हर्षला," ती म्हणाली. स्वतःच्या तोंडून ते तिने कधी ऐकलं होतं, आठवत नव्हतं. "सासरचं मृणाली. दोन्ही लिहा."

वनिताने दोन्ही लिहिली.

"कुठल्या औषधाचा त्रास झालाय कधी? लहानपणीसुद्धा?"

"मला नाही आठवत. आईला विचारावं लागेल."

वनिताने पेन खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, हर्षलाच्याही नाही. लूम चालू होते. वनिताने एकदा आक्कांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"कुठल्या आईला?"

"पडघ्याच्या..." आक्का म्हणाल्या आणि अडखळल्या. त्यांनी पोरीला खांद्याशी घट्ट धरलं. "हिचे आयला. फोन लाव गो."

हर्षलाने फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. कुणी उचलेपर्यंत भरलेली सुई ट्रेमध्ये तशीच पडून होती.